आजी-आजोबांची उभारी

मोठे दुःख, आजारपण किंवा नुकसान सोसून माणूस पुन्हा पहिल्यासारखा वागू लागतो, त्या शक्तीला मानसशास्त्रात लवचीकपणा म्हणतात. आपण तिला घरातला शब्द वापरू : उभारी. पंचाहत्तरीत जोडीदार जातो, खुब्याचे हाड मोडते, मुलगा नोकरीसाठी दूरदेशी जातो. अशा वेळी एक आजी सहा महिन्यांत पुन्हा कमाटीबागेत फिरायला निघते, तर दुसरी अंथरूण धरते. असे का व्हावे?

'ज्याचा त्याचा स्वभाव' हे आपले नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. म्हातारपणी मन दुबळे होते हा समज तर बराचसा चुकीचाच. २०२० साली करोनाच्या साथीत अमेरिकेत पाहणी झाली, तेव्हा चिंता आणि नैराश्याची लक्षणे सर्वांत जास्त १८ ते २४ वर्षांच्या तरुणांत आणि सर्वांत कमी पासष्टीपुढील लोकांत आढळली. जिवाला धोका मात्र वृद्धांनाच अधिक होता!

मग उभारी खचते कशाने? याचा एक धागा १९७६ सालच्या एका प्रयोगात सापडतो. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, "तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा." प्रत्येकापुढे रोपे ठेवून हवे ते निवडायला सांगितले, पाणी त्यांनीच घालायचे. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालणार. "तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ," असे तिथे सांगण्यात आले. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक हिंडू-फिरू लागली, आनंदी दिसू लागली. दीड वर्षाने पाहिले, तर पहिल्या गटातील ४७ पैकी ७ जण वारले होते आणि दुसऱ्यातील ४४ पैकी १३. माणसे थोडी होती, त्यामुळे मृत्यूंच्या आकड्यांत योगायोगाचाही वाटा असू शकेल. उत्साहातला फरक मात्र परिचारिकांनाही दिसला होता.

आता आपल्या घरांकडे पाहू. "आई, तुम्ही आता बसा, आम्ही करतो," असे म्हणत आपण लोणच्याची बरणी, किराण्याची यादी, बँकेचे पासबुक एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण कुंडीला पाणी घालणारी परिचारिका आपणच झालेलो असतो! बडोद्यासारख्या गावात तर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक काम तयारच आहे. दिवसभर गुजराती, हिंदी, इंग्रजी ऐकणाऱ्या नातवाचे मराठी वाचन रोज अर्धा तास त्यांच्याकडे सोपवावे. हे काम खोटे-खोटे दिलेले नाही, नातवाला त्याची गरज आहे. आजोबांना तेवढे लगेच कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी रिचर्ड शुल्झ यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वृद्धांच्या भेटीला पाठवले. भेट केव्हा आणि किती वेळ, हे ज्या वृद्धांनी स्वतः ठरवले, किंवा ज्यांना ती आधी कळवली होती, त्यांची तब्येत आणि मन सुधारले. अवचित भेटीचा तेवढा उपयोग झाला नाही. पुढे प्रयोग संपला, भेटी थांबल्या आणि सुधारलेली हीच मंडळी खालावली. शाळांच्या सहली वृद्धाश्रमात जातात, फळे वाटतात, फोटो काढतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्याऐवजी चारच मुलांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वर्षभर जावे. विश्वस्त मंडळींनीही याचा विचार करावा.

शरीराचे म्हणाल, तर स्नायू न वापरल्याने झिजतात आणि वापरले की कोणत्याही वयात भरतात. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांचे व्यायाम केले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. अर्थात तो व्यायाम जाणकारांच्या देखरेखीखाली होता. कानांकडेही लक्ष हवे. ऐकू येईनासे झाले की माणूस गप्पांतून हळूहळू उठून जातो आणि आपण म्हणतो, "हल्ली बाबा फार गप्प असतात." श्रवणयंत्राची लाज वाटायचे कारण नाही, चष्म्याची कुठे वाटते?

सगळेच मात्र कामाने किंवा सोबतीने भरून निघत नाही. झोप उडाली, जेवण तुटले, आवडत्या गोष्टींतही लक्ष लागेना आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर ते 'वयाचे' म्हणून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांचे नैराश्य औषधाने आणि उपचाराने बरे होऊ शकते. पुष्कळ घरांत हे नातवंडांच्याच आधी लक्षात येते, कारण रात्री आजीच्या खोलीत तीच झोपतात. त्यांनी आईबाबांना सांगावे. ती चहाडी होत नाही.