गाडी परत बोलावली, पण दोष गेला का?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "चूक सापडली, दुरुस्त केली, आता परत कशाला मोजायचं?" उत्तर देताना मला गाड्यांचा रिकॉल आठवला.

रिकॉल म्हणजे काय? विकलेल्या गाड्यांत दोष निघाला की कंपनी त्या परत बोलावते आणि मोफत दुरुस्त करून देते. भारतात २०१२ पासून कंपन्या हे स्वतःच्या संहितेनुसार करायच्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारकडे आला.

पहिला प्रश्न असतो, नेमक्या कोणत्या गाड्या बोलवायच्या? आपल्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेल्या भागांवर हीट नंबर असतो. वितळलेल्या धातूच्या कोणत्या लॉटमधून तो भाग निघाला, हे त्यावरून कळतं. एखादा लॉट खराब निघाला तर त्या नंबरवरून भाग शोधायचे आणि चेसिस नंबरवरून गाड्या. सॅम्पलच्या बाटलीवर बॅच आणि तारीख लिहायला गाईड का सांगतात, ते इथं लक्षात येतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. दुरुस्तीने दोष खरंच गेला का?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधक आणि विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाने तीन डिझेल गाड्यांच्या मागे मोजणीयंत्र बसवून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. फोक्सवॅगनच्या एका गाडीतून नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघत होते, दुसरीतून ५ ते २० पट. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर याच दोन्ही गाड्या पास होत होत्या. तिसरी गाडी दुसऱ्या कंपनीची होती आणि ती रस्त्यावरही बहुतेक वेळा मर्यादेत राहिली. ती नसती तर "तुमचं यंत्रच चुकतंय" असं कुणीही म्हणालं असतं. कंट्रोल का हवा, ते यावरून कळतं.

पुढचा भाग नीट वाचा. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत सुमारे ५ लाख गाड्या रिकॉल केल्या आणि सॉफ्टवेअर बदलून दिलं. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने दुरुस्त गाड्या पुन्हा मोजल्या. दोष कायम होता! चौकशी पुढे गेली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाडीत होतं.

याचे धागे आपल्या पुण्यापर्यंत आले. एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या. प्रदूषण प्रयोगशाळेतल्यापेक्षा जास्त निघालं आणि डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. भारतातला नियम आम्ही मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण तेव्हा आपल्याकडे मर्यादा फक्त प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी होती. रस्त्यावरचं मोजमाप नियमात आलं ते एप्रिल २०२३ पासून.

आता माझी गोष्ट. मी नायट्रोजन डायऑक्साइड ओळखणाऱ्या पातळ फिल्मवर काम करतो. माझ्या सेन्सरचं रीडिंग सरकत होतं. मी संपर्काच्या तारा बदलल्या, एसी रूममध्ये एकदा मोजलं, आलेख सरळ आला. खूश होऊन पुढच्या कामाला लागलो. जुलैत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला आणि रीडिंग पुन्हा सरकायला लागलं. दोष तारांचा नव्हताच, दमटपणाचा होता. दोन महिन्यांचा डेटा टाकून द्यावा लागला. दोष मला दमट हवेत दिसला होता आणि दुरुस्ती मी कोरड्या खोलीत तपासली होती!

म्हणून ज्युनिअरला एवढंच सांगितलं: दोष जिथं दिसला, तिथंच आणि त्याच परिस्थितीत दुरुस्तीनंतर मोज. शक्यतो दुसऱ्याच्या हातून मोजून घे. तुमच्या वहीत दुरुस्तीची नोंद असेल, तर तिच्या खाली पुन्हा मोजल्याची तारीख आहे का, ते आज बघा.