पी. टी.चा तास : तिकडचा आणि इकडचा

पाचवीतली आमची कन्या परवा शाळेत धावून आली. मी सवयीने विचारलं, "कितवा नंबर?" तिला प्रश्नच कळेना. कॅलिफोर्नियात पहिली ते सहावीला दर दहा शालेय दिवसांत किमान २०० मिनिटं शारीरिक शिक्षण कायद्यानेच सक्तीचं आहे. पाचवीत 'फिटनेसग्रॅम' चाचणी. २० मीटर अंतर 'बीप' वाजायच्या आत पार करायचं. बीप हळूहळू जवळ येतात. नंबर नाही, त्या वयाला दम पुरेसा आहे का, एवढंच पाहतात.

साताऱ्याला आमच्या कवायतीत शंभर हात एकदम वर! लेझीम चुकली की सरांची शिट्टी. मी कायम मागच्या रांगेत, पण चारचौघांबरोबर पाऊल टाकायला तिथेच शिकलो. इथे ते कोण शिकवणार? गेल्या रविवारी मंडळाची आठ मुलं खो-खोला ओळीत बसवली. 'खो' मिळायच्या आधीच निम्मी उठून पळाली.