उलटली तरी सुलटी होणारी नौका

लवासाहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलीने किटमधून लाइफबोट जोडली आणि वरसगाव धरणाच्या पाण्यात काठाशी सोडली. ती कलंडली आणि उलटीच तरंगत राहिली. खऱ्या लाइफबोटी तर आपोआप सुलट्या होतात, मग जोडणीत काय चुकलं?

जोडणीत काहीच चुकलं नाही. साच्यातून आलेले पॉलिस्टायरीनचे भाग नौकेचा फक्त आकार देतात. वजन कुठे असावं, हे साच्याला ठाऊक नसतं. खऱ्या नौकेत इंजिन आणि इंधन तळाशी असतं, वर हवाबंद केबिन असते. अशी नौका उलटली की सगळं जड सामान पाण्याच्या वर जातं आणि खाली दाबली गेलेली हवा तिला वर ढकलू लागते. त्या अवस्थेत ती स्थिर राहूच शकत नाही. जराशा हेलकाव्याने ती पूर्ण फिरते. मात्र केबिनमध्ये पाणी शिरलं की ही सगळी किमया संपते.

ही युक्ती ज्याला नीट उमगली, त्या विल्यम वुडहॅवचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. १७८९ मध्ये इंग्लंडच्या टाइन नदीच्या मुखाशी ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे जहाज वाळूत रुतलं. किनाऱ्यावर गर्दी जमली होती, पण त्या लाटांत होडी घालायची कुणाची छाती होईना. खलाशी लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. मग स्थानिक मंडळींनी जीवरक्षक नौकेच्या उत्तम आराखड्याला दोन गिनींचं बक्षीस लावलं.

वुडहॅव हा साउथ शील्ड्सचा रंगारी आणि तिथल्या चर्चचा कारकून. सांगतात की, विहिरीवर एका बाईच्या बादलीत त्याला फुटक्या लाकडी वाडग्याचा अर्धा तुकडा तरंगताना दिसला. आकार कलिंगडाच्या फोडीसारखा, दोन्ही टोकं वर. तो कसाही उलटवला तरी पुन्हा सुलटा! वुडहॅवने पत्र्याची प्रतिकृती बनवली, तिची टोकं उंच ठेवली आणि बूच भरून ती तरती केली. परीक्षकांनी त्याला देऊ केली अर्धी रक्कम, म्हणजे एक गिनी. नौका बांधायचं काम मिळालं हेन्री ग्रेटहेडला आणि १८०२ मध्ये संसदेने १,२०० पौंडही त्यालाच दिले. ग्रेटहेडच्या नौकांनी असंख्य जीव वाचवले, याबद्दल वाद नाही. पण त्या आपोआप सुलट्या होत नसत. डिसेंबर १८४९ मध्ये त्याच टाइनच्या मुखाशी ‘प्रॉव्हिडन्स’ ही लाइफबोट उलटली आणि तिच्यावरच्या २४ जणांपैकी २० जण बुडाले. त्यानंतर पुन्हा स्पर्धा झाली, २८० प्रवेशिका आल्या आणि १८५१ मध्ये जेम्स बीचिंगची स्वतः सुलटी होणारी नौका पहिली आली. वुडहॅव त्याच्या तीस वर्षं आधीच गरिबीत वारला होता. साठ वर्षं आधीच एका पत्र्याच्या प्रतिकृतीने जे दाखवलं होतं, ते मान्य करायला वीस माणसं गमवावी लागली, याचा मला आजही संताप येतो.

आता मुलीच्या नौकेकडे वळू. समजा किट १:७२ प्रमाणाचं आहे. लांबी ७२ पट घटते, पण वजन ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटतं. खरी नौका ४० टनांची असेल, तर प्रतिकृती प्लॅस्टिक धरून सुमारे १०७ ग्रॅमची हवी. कमी पडणारं वजन लोखंडी नटांच्या रूपाने तळाशी, अगदी मध्यरेषेवर चिकटवावं, आणि तेही डेक बसवण्याआधी. केबिनच्या खिडक्या व सांधे पक्के बंद करावेत. हलण्याचा वेग मात्र खऱ्या नौकेसारखा दिसणार नाही. प्रतिकृती साधारण साडेआठपट लवकर डोलेल, कारण काळ ७२ च्या वर्गमुळाने आखडतो. वरसगावचं पाणी जिथे पोचतं, त्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडतात, तेव्हा वेळेचा हाच हिशेब धरतात.

पहिली चाचणी घरी, बादलीत घ्या. जलाशयावर मुलीसोबत मोठं माणूस हवंच. नौका सुलटी झाली की तिच्यावर नाव रंगवा. माझं ऐकाल तर ते ‘वुडहॅव’ असू द्या.