लिहिलं तर अवघड, हाक मारली तर सोपं!

मागच्या वर्षी एका सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर डब्लिनहून फोटो आला. चुलतताईला मुलगी झाली होती. तिचा नवरा तिथलाच, आयरिश. फोटोखाली बाळाचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत: एन, आय, ए, एम, एच.

समता कॉलोनीतल्या आमच्या घरात एकदम गोंधळ उडाला. बाबांनी वाचलं, ‘नियाम्ह’. काका म्हणाले, ‘निआम’. शेजारच्या आंटींनी विचारलं, “बेटी का नाम नियम रखा है क्या?” आजीने चष्मा काढून ठेवला. “मला नाही बाई जमायचं. मी आपली तिला निवेदिता म्हणेन.”

आजीचं हे नाव काही उगाच आलेलं नव्हतं. भगिनी निवेदिताही मूळच्या आयरिश. 1867 मध्ये आयर्लंडमधल्या डंगॅनन इथे जन्मलेल्या मार्गारेट नोबल यांना 1898 मध्ये स्वामी विवेकानंदांनी हे नाव दिलं. तरीही मला कसंतरीच झालं. पणजीला पणतीचं खरं नावच घेता येऊ नये?

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. ताई म्हणाली, “आजी, तुला हवं ते लाडाचं नाव ठेव. पण तिचं नाव मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. म्हण, नीव.”

“नीव?” आजी म्हणाली. “एवढंच? मग लिहिताना एवढी भानगड कशाला केली?”

भानगड कुठून आली?

आयरिश भाषा लिहायला रोमन अक्षरं आली ती ख्रिस्ती धर्माबरोबर, लॅटिनमधून. त्या अक्षरांत आयरिशचे सगळे आवाज मावेनात. मग अक्षरांच्या जोड्या करून काम भागवलं गेलं. जुन्या आयरिश वर्णमालेत ‘व्ही’ हे अक्षरच नाही. त्यामुळे ‘व’चा आवाज बरेचदा ‘एम-एच’ किंवा ‘बी-एच’ने लिहितात. आपण ‘बी-एच’ दिसलं की ‘भ’ वाचतो, म्हणून ‘शिवॉन’ हे नाव आपल्याला ‘सिओभान’ दिसतं! ‘ई’ किंवा ‘आय’च्या शेजारचा ‘एस’ बहुतेक वेळा ‘श’ होतो. शॉन हे नाव तर आपण कधीपासून बरोबर म्हणतोय, स्पेलिंगमध्ये ‘एच’ नसला तरी.

आता ही नावं देवनागरीत वाचा: नीव, शिवॉन, ईफा, कीवा. अडलं का कुठे? अभिनेत्री सर्शा रोनन हिच्या नावाचं स्पेलिंग भल्याभल्यांना चकवतं. पण त्याचा अर्थ किती ओळखीचा आहे: स्वातंत्र्य. आणि नीव म्हणजे तेज. आपल्याकडच्या दीप्ती किंवा प्रभाची ती सख्खी मैत्रीणच.

आपणही काही कमी नाही

‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत लिहून बघा. ‘डी-एन-वाय’ने सुरू होणारं नाव परक्या माणसाने कसं वाचावं? ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीत ‘रि’ म्हणतात. म्हणून आपली अमृता ‘यू’ने आणि हिंदीतली अमृता ‘आय’ने लिहिली जाते. मृणालचंही तेच. आणि ‘ळ’? तो तर इंग्रजीत गेला की थेट ‘ल’च होतो.

ताईचं स्वतःचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. रायपूरच्या शाळेत बारा वर्षं ती ‘ग्य’ ऐकत मोठी झाली. डब्लिनमध्ये तर विचारायलाच नको. मी तिला स्पष्ट विचारलं, “एवढं सोसलंस, मग लेकीला तेच कशाला?”

ती म्हणाली, “अगं, नाव चुकलं म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते कुणी ‘कसं म्हणायचं?’ असं विचारलं नाही की. आणि नीव तिथल्या शाळेत कुणी चुकणार नाही. तुमच्याकडे आली की तुम्ही विचाराल. विचाराल ना?”

मला पटलं. अवघड नाव असं काही नसतं. ते अजून कानावरून गेलेलं नसतं, इतकंच.

आयर्लंडच्या लोकांनीही हे केलंय. मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव, ते लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. 2019च्या डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला येऊनही गेले. तिथले लोक ‘वरॅडकर’ म्हणतात, थोडं वेगळं. पण आपलं कोकणी आडनाव एका अख्ख्या देशाच्या तोंडी बसलं.

वेगळं नाव ठेवताय? मग हे करा

• आधी ऐकवा, मग दाखवा. आजी-आजोबांना स्पेलिंग पाठवू नका. फोन करून नाव म्हणा आणि त्यांना म्हणायला लावा.

• देवनागरीत कसं लिहायचं ते आधीच ठरवा. नाहीतर पत्रिकेवर एक आणि केकवर दुसरंच येतं.

• अर्थ मूळ भाषेतून तपासा. सध्या घरोघरी कियारा आहेत. इटालियन कियाराचा अर्थ तेजस्वी. आयरिश कीराचा अर्थ सावळी, काळ्याभोर केसांची. अर्थ दोन्ही छान, पण आपला कोणता ते माहीत हवं.

• कागदावर घाई नको, पण एकच स्पेलिंग हवं. आपल्याकडे जन्मनोंदणीत बाळाचं नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठीही जन्मदाखलाच लागतो. त्यावरचं स्पेलिंग आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा.

• दुसऱ्याच्या नावाला हसण्याआधी विचारा. “बरोबर म्हटलं ना मी?” एवढं पुरतं.

वाटीवरचं नाव

बारशाला आपण नाव लिहून दाखवत नाही. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात हळूच नाव सांगते, मग सगळ्या मिळून ‘कुर्रर्र’ करतात. म्हणजे नाव आधी ऐकायचं असतं. आपल्या आज्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. स्पेलिंगमध्ये अडकतो ते आपण.

महिन्याभराने आजी मला घेऊन सदर बाजारात गेली. पणतीसाठी चांदीची वाटी घेतली, नाव कोरायचं ठरलं. मी मोबाईलवर स्पेलिंग काढलं, तर तिने हात धरला.

“इंग्रजी नको. आपल्या अक्षरांत.”

कारागिराने कागदावर लिहून दाखवलं, ‘नींव’. “पाया वाली नींव ना, अम्मा?”

आजीने टिंबावर बोट ठेवलं. “ये बिंदी निकालो भैया. मेरी पणती का नाम नीव है.” मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, “तसा पायाही वाईट नाही हं.”

वाटी आता डब्लिनला आहे. आजी रविवारी फोनवर हाक मारते तेव्हा नीव आवाजाकडे मान वळवते. निवेदिता हे नाव मागे पडलं. आजीला ते आठवतही नाही.