गाडीला कोणतं ऑइल घालायचं?

मुलांनो, कॅरम खेळायला बसलात की सर्वांत आधी काय करता? बोर्डावर चिमूटभर पावडर टाकता. पावडर नसेल तर स्ट्रायकर कितीही जोरात मारा, सोंगटी मध्येच अडखळते. पावडर बिचारी फार काही करत नाही. सोंगटी आणि लाकूड यांच्या मध्ये राहते, एवढंच. तुमच्या घरच्या मोटरसायकलच्या किंवा स्कूटरच्या इंजिनात जे ऑइल घालतात, त्याचंही पहिलं काम हेच आहे. लोखंड लोखंडाला लागू द्यायचं नाही. मध्ये राहायचं.

हे मी आठवीत असताना शिकलो, आणि जरा महागात शिकलो. बाबांची शंभर सीसीची मोटरसायकल होती. दर रविवारी तिची ऑइलची पट्टी बघायची, हे घरात माझ्याकडे सोपवलेलं काम. पट्टी म्हणजे इंजिनात बुडवलेली खुणा असलेली काडी, तिलाच डिपस्टिक म्हणतात. मी लागोपाठ कितीतरी रविवार ती बघितलीच नाही. ‘बघितली’ असं मात्र ठोकून दिलं! मे महिन्यात बाबा आणि मी पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीच्या घाटात गाडीने आधी ओढ सोडली, मग करकर आवाज केला आणि बंद पडली. किक मारावी तर पाय खाली जाईना.

गॅरेजवाल्या काकांनी तेव्हाच सांगितलं, “इंजिन बसलं हो साहेब.” खालचा बोल्ट उघडून ऑइल काढलं, तर वाटीभर निघालं. पुढे सिलिंडर बोअर करावा लागला, पिस्टन नवा, रिंगा नव्या. माझ्या नव्या सायकलसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. दहावीपर्यंत मी जुन्याच सायकलवर शाळेत गेलो. बाबा एका शब्दानेही रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

पण काकांनी त्या दिवशी एक गोष्ट दाखवली. उघडलेला सिलिंडर माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “इथं आतून नख फिरव बरं.” फिरवलं. उभे ओरखडे लागले, आणि अगदी वरच्या टोकाजवळ नख एका बारीकशा पायरीला अडलं. “ओरखडे परवाच्या घाटातले. ही पायरी मात्र कित्येक वर्षांची आहे,” काका म्हणाले.

पायरी कशी तयार झाली असेल? आणि ती तिथेच का? सिलिंडरच्या मधोमध का नाही?

उत्तरासाठी आपल्याला १८८३ सालच्या इंग्लंडमध्ये जायला हवं. बीचम टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या डब्याच्या आसासारखा एक आस बेअरिंगखाली फिरवून घर्षणाचे प्रयोग करत होता. तेल घालायला सोयीचं म्हणून त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर काय, त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेरच यायला लागलं! त्याने भोकाला बूच मारलं, ते उडालं. मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. शेवटी टॉवरने तिथे दाब मोजायचं यंत्र लावलं. बेअरिंगवर वजनामुळे सरासरी जितका दाब पडत होता, त्याच्या दुपटीहून जास्त दाब तेलात निघाला. म्हणजे तो जड भार लोखंडावर नव्हताच. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता.

असं का होतं, याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी १८८६ मध्ये मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर, फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढत नेतो आणि निमुळत्या फटीत कोंबतो. कोंबलेलं तेल आसाला वर उचलतं. पावसाळ्यात वेगात जाणारी गाडी रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर चढून घसरते ना? तिथे पाणी टायरला उचलतं. रस्त्यावर जी गोष्ट धोक्याची, तीच इंजिनात हवीहवीशी!

पण यात एक मेख आहे. तेल ओढलं जायला वेग लागतो. आता पिस्टनकडे बघा. तो सिलिंडरमध्ये वर-खाली धावतो आणि प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो, मगच उलटा फिरतो. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला १०० फेऱ्या झाल्या, आणि पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबला. थांबला की वेग शून्य, आणि तेलाचा थर अगदी बारीक. त्यातून वरच्या टोकाला पेट्रोल पेटल्याची उष्णता आणि दाब. म्हणून रिंगा सर्वांत जास्त तिथेच घासतात. रिंग पोचते तिथपर्यंत धातू झिजतो, तिच्या वरचा तसाच राहतो. माझ्या नखाला लागलेली पायरी ती हीच.

मग अशा जागी रक्षण कोण करतं? तर तेलात मिसळलेली औषधं, म्हणजे अॅडिटिव्ह. त्यातलं सर्वांत नावाजलेलं जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक रसायन आहे, ‘झेडडीडीपी’. धातू धातूला घासून तापला की ते तिथे काचेसारखा अतिशय पातळ थर तयार करतं. मग झिजतो तो थर, खालचा धातू वाचतो, आणि थर पुन्हा तयार होतो. गंमत म्हणजे १९४० च्या दशकात ते तेलात घातलं गेलं, ते बेअरिंग गंजू नये आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज थांबवण्याचा गुण नंतर ध्यानात आला!

आता चला स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदार विचारतात, “कुठलं देऊ?” आणि आपण रंग, किंमत नाहीतर डब्यावरचं चित्र बघतो. खरं बघायचं ते बारीक अक्षरांत असतं.

पहिली गोष्ट म्हणजे ‘२०डब्ल्यू-४०’ असे आकडे. हा दाटपणा. थंडीच्या सकाळी काकवीची बाटली उलटी केली तर धार पडायला किती वेळ लागतो, आणि तीच बाटली उन्हात ठेवली तर कशी भसकन येते, हे तुम्ही पाहिलं असेल. ऑइलचंही तसंच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत जास्त सहज वाहतं. मागचा ४० हा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा सांगतो. ‘२०डब्ल्यू’ची चाचणी उणे १५ अंशांना होते आणि ‘१०डब्ल्यू’ची उणे २५ ला! एवढी थंडी महाबळेश्वरलाही पडत नाही. तरी पहिला आकडा अगदीच फुकट नाही. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि सकाळी सुरू केल्यावर ते वरपर्यंत जितकं लवकर पोचेल तितकं बरं.

पुष्कळ लोक म्हणतात, “जाड ऑइल घाला, इंजिन टिकतं.” हे मला पटत नाही. जाड ऑइल बारीक फटींत उशिरा शिरतं आणि इंजिनाची ताकद ते ढवळण्यातच जाते. फार पातळ घातलं तर तापल्यावर थर तुटतो. इंजिनातली फट किती ठेवली आहे, हे ज्याने इंजिन बनवलं त्यालाच ठाऊक. म्हणून कुणाच्या गाडीला १०डब्ल्यू-३० लागतं, कुणाच्या २०डब्ल्यू-५०. शेजारच्यांची गाडी बघून ठरवू नका.

दुसरी खूण ‘एपीआय’ची, एसएल, एसएम, एसएन अशी. यातला एस पेट्रोल इंजिनासाठी, आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं मानक नवं. एसएल २००१ मधलं, एसएन २०१० मधलं, एसपी २०२० मधलं.

तिसरी खूण मोटरसायकलवाल्यांनी विसरूच नये. ती ‘जासो’ या जपानी मानकाची. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. मोटारीसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचच्या पट्ट्यांना लागली तर क्लच घसरतो. इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही! म्हणून मोटरसायकलला ‘जासो एमए’ लागतं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे तिथे ‘एमबी’ चालतं.

आता किंमत. साधं म्हणजे मिनरल ऑइल जमिनीतल्या कच्च्या तेलापासून शुद्ध करून मिळतं. सिंथेटिक ऑइलचा पाया कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने घडवलेला असतो. तो जबर उष्णता आणि कडक थंडी जास्त सोसतो, म्हणून महाग. तुमच्या गाडीचं पुस्तक सिंथेटिकच घाला म्हणत असेल तर तेच घाला. पण साध्या गाडीला पुस्तकातल्याच ग्रेडचं आणि मानकाचं मिनरल ऑइल वेळेवर बदललं, तर ते इंजिन छान सांभाळतं. ‘वेळेवर’ हा शब्द मात्र सोडायचा नाही. दाटपणा टिकवणारे लांबलचक रेणू गिअरच्या दात्यांत सापडून तुटत जातात. झेडडीडीपी संपत जातं. आणि गाडी रोज फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येत असेल तर ऑइल पुरेसं तापतच नाही, त्यात पाणी आणि पेट्रोल उतरतं. म्हणून पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेही त्याचं काम आहे. पट्टीवरची पातळी बघा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर, पट्टी पुसून घ्यायची, मग परत घालून काढायची. काही गाड्यांत पट्टीचे आटे पिळून बसवून मोजतात, काहींत नुसती टेकवून. इथे चूक झाली तर पातळी चुकीची दिसते. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर गरम असतं, तेव्हा मोठ्यांना बरोबर घ्या.

दुकानात सील नीट तपासा, कारण रिकाम्या डब्यांत नकली ऑइल भरून विकणारे असतात. आपला डबा संपला की त्याला खिळ्याने दोन भोकं पाडा. हे काम तुमचंच! जुनं ऑइल मात्र गटारात किंवा झाडाखाली ओतू देऊ नका, ते गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात जाऊ द्या.

येत्या रविवारी गाडीचं पुस्तक शोधून काढा. आमच्या घरी ते लाइटबिलांच्या गठ्ठ्याखाली सापडलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकदाही बाहेर न काढलेलं.