माळवदी घराच्या माडीचा उतार : निदान व दुरुस्ती

प्रस्तावना : हिंगोली जिल्ह्यातील जुन्या माळवदी घरांत दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि मातीचा थर अशी रचना आढळते. माडीची जमीन कलली की घरमालक तो घराच्या वयाचा परिणाम मानतात. वस्तुतः उतार हे केवळ लक्षण होय. दोष त्याखाली कोठेतरी असतो. जिल्ह्यास २१ मार्च २०२४ रोजी ४.५ व ३.६ तीव्रतेचे आणि १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसल्यामुळे तो दोष शोधणे निकडीचे झाले आहे.

निदान : पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या चारही कोपऱ्यांची व मध्याची पातळी मोजावी. केवळ मध्य खाली गेला असल्यास तुळई वाकली आहे असे समजावे. समान भाराखाली तुळईची लांबी दुप्पट झाली की तिचा झोल सोळापट होतो. जागा मोकळी व्हावी म्हणून मधला खांब काढलेल्या घरांत हा दोष हटकून दिसतो.

एकच बाजू खचली असल्यास भिंतीत गेलेले तुळईचे टोक तपासावे. ओल आणि वाळवी यांचा पहिला घाला तेथेच पडतो. टोचा सहज आत शिरला तर लाकूड पोखरले गेले आहे. टोक शाबूत असेल तर संशय पायावर जातो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. भेगेवर चुन्याने बसविलेली काचपट्टी कोणत्या ऋतूत तडकते, यावरून हे ताडता येते.

उपाय : खोलगट भागात काँक्रीट ओतून वर फरशी बसविणे हा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक उपाय होय. ५ सें.मी. जाडीच्या थराने दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो भार वाढतो, तोही आधीच दुबळ्या तुळईवर. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड घरांखाली माणसे दबली होती.

प्रथम वरची माती उतरवून भार हलका करावा. नंतर तुळईखाली धिरे देऊन जॅकने रोज दोन-तीन मिलिमीटरच उचलावे; घाई केल्यास भिंत फुटते. कुजलेले टोक कापून दोन्ही अंगांस लोखंडी चॅनेल बोल्टने आवळावेत, अथवा भिंतीलगत नवा खांब द्यावा. पायाचा दोष असल्यास न्हाणीचे व पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. जमीन पूर्ण समतल करण्याचा अट्टाहास नसावा. भिंत ओळंब्याबाहेर गेली असल्यास मात्र स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय जॅक लावू नये व तोवर माडीवर किंवा तिच्याखाली कोणी झोपू नये.