खनिज शोधणारी कंपनी आणि तिचा वैतागलेला भागधारक

आज ज्या कंपन्यांबद्दल बोलायचं आहे त्यांच्याकडे खाण नसते. असतो तो जमिनीचा एक पट्टा आणि तिथे खनिज शोधायचा परवाना. ड्रिलिंगचं यंत्रसुद्धा बहुधा कंत्राटदाराचं. कॅनडात, विशेषतः व्हँकुव्हरमध्ये, अशा शेकडो छोट्या कंपन्या आहेत आणि त्यांचे शेअर टीएसएक्स व्हेंचर या बाजारात चालतात. त्यांचे भागधारक व्यवस्थापनावर इतके चिडलेले का असतात, हे समजून घ्यायचं तर आधी विचारा, इथे पगार कुठून येतो?

साखर कारखान्याचा पगार साखर विकून येतो. या कंपनीकडे विकायला काहीच नाही, म्हणून ती स्वतःचे नवे शेअर विकते. त्या पैशातून ड्रिलिंग होतं, आणि त्यातूनच ऑफिसचं भाडं, वकील, दौरे, संचालकांचं मानधनही निघतं. खनिज सापडो न सापडो, पगार चालू. आता हिशोब बघा. समजा कंपनीचे ५ कोटी शेअर आहेत आणि तुमच्याकडे ५ लाख, म्हणजे १ टक्का. पैसे उभे करता करता शेअर झाले २० कोटी. तुम्ही एकही विकला नाही, तरी तुमचा वाटा पाव टक्क्यावर आला. शिवाय बाजारभाव ५० सेंटपर्यंत असेल तर नवे शेअर २५ टक्क्यांपर्यंत स्वस्तात देता येतात, तेही निवडक लोकांना. लंडनमध्ये आधी जुन्या भागधारकांना विचारावं लागतं, आणि ती अट बाजूला ठेवायची तर तीन-चतुर्थांश मतं लागतात. कॅनडाच्या कायद्यात असा पहिला हक्क आपोआप मिळत नाही.

भाव ५ सेंटच्या खाली गेला की नवे शेअर काढणं अवघड होतं. मग दहा जुन्या शेअरचा एक नवा करतात. त्याने तुमचा वाटा बदलत नाही, पण पाठोपाठ पुढची विक्री येणार हे जुन्या माणसाला कळतं.

बरं, मग संचालकांना पाडा की! इथेच खरी गंमत आहे. यातल्या बऱ्याच कंपन्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तिथे संचालक निवडताना मतपत्रिकेवर ‘बाजूने’ आणि ‘मत राखून’ असे दोनच पर्याय असतात, ‘विरोधात’ नसतो. जागा तितकेच उमेदवार असले तर एका मतावरही माणूस निवडून येतो. टोरोंटोच्या मुख्य बाजाराने २०१४ पासून बहुमताची अट घातली, केंद्रीय कायद्यात ती २०२२ मध्ये आली. टीएसएक्स व्हेंचरने ती घातलेली नाही.

दुसरा मार्ग, ५ टक्के शेअरवाल्यांनी एकत्र येऊन विशेष सभा मागायची. आपल्याकडे, २०१३ च्या कंपनी कायद्यात, त्यासाठी १० टक्के लागतात, तेव्हा हे सोपं वाटेल. पण सभा घ्यायला संचालकांना चार महिने मिळतात, आणि मुदतीआधी संचालक काढायला, कंपनीच्या नियमावलीत वेगळं नसेल तर, निदान दोन-तृतीयांश मतं लागतात. त्यात कंपनीच्या वकिलाची फी तुमच्याच पैशातून जाते!

या चार महिन्यांत कंपनीने ओळखीच्यांना नवे शेअर दिले तर? २०१६ मध्ये डॉली व्हार्डन या चांदी शोधणाऱ्या कंपनीबाबत जवळपास हाच वाद झाला. तिची मोठी भागधारक असलेल्या हेक्ला कंपनीने ती विकत घ्यायची बोली लावली, आणि लगेच व्यवस्थापनाने नवे शेअर काढायचं जाहीर केलं. हेक्लाने तक्रार केली की ही आम्हाला अडवायची चाल आहे. ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारिओच्या नियामकांनी कागद तपासले. कंपनीला पैशांची गरज खरोखर होती आणि शेअर विकायचा विचार बोलीच्या आधीपासून चालू होता, असं त्यांना दिसलं. तक्रार फेटाळली गेली. हेक्लाने बोली मागे घेतली.